विश्लेषण : जुनी साइडकार भरवशाची की डोकेदुखीची?

‘शोले’मधील जय-वीरूची साइडकार पाहिली नाही असा प्रेक्षक सापडणे कठीण. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाला ५० वर्षे उलटून गेली, तरी साइडकार म्हटले की अजूनही तेच गाणे डोळ्यांसमोर येते. जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी आजही ही गाडी शोधत असतात. कुणी अडगळीत पडलेली गाडी बाहेर काढतो, कुणी बुलेटला नवी साइडकार जोडून घेतो. तिच्याबद्दल दोन टोकाची मते असतात. ‘जुने लोखंड आहे, दगा देणार नाही,’ हे एक. ‘निघते तोऱ्यात आणि परत येते टेम्पोतून,’ हे दुसरे. दोन्ही मते अर्धीच खरी आहेत. जुनी साइडकार बेभरवशाची नसते. तिच्याकडून चुकीची अपेक्षा ठेवली, की ती बेभरवशाची ठरते.

भरवसा म्हणजे नेमके काय?

अभियांत्रिकीत यंत्राच्या भरवशाची व्याख्या साधी आहे. ठरलेल्या परिस्थितीत, ठरलेल्या काळापर्यंत, ठरलेले काम न बिघडता करण्याची शक्यता म्हणजे भरवसा. यात ‘ठरलेले’ हा शब्द तीनदा येतो आणि गप्पांमध्ये नेमका तोच गळतो.

ताशी ६० किलोमीटरसाठी बनवलेली गाडी द्रुतगती मार्गावर ९० ने पळवली आणि ती बंद पडली, तर ती ‘ठरलेल्या परिस्थितीत’ बिघडली असे म्हणता येत नाही. साइडकारच्या बाबतीत ही ठरलेली परिस्थिती कोणती होती, हे तिच्या इतिहासातून स्पष्ट होते.

‘शोले’तील गाडी कोणती होती?

ती ‘बीएसए डब्ल्यूएम २०’ होती. ४९६ सीसीचे एकच सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह इंजिन आणि जेमतेम १३ अश्वशक्ती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजांना एम २० च्या सुमारे सव्वा लाख गाड्या पुरवण्यात आल्या. गाडी जड आणि संथ होती. सुरुवातीच्या लष्करी चाचणीत तर इंजिन लवकर झिजते म्हणून ती नापासही झाली होती.

दुरुस्त्या झाल्यावर मात्र ती टिकली. तिच्यात गुंतागुंत कमी होती, सुटे भाग सगळीकडे मिळत होते आणि शिपायाला थोडक्या प्रशिक्षणात ती दुरुस्त करता येत होती. लष्कराला वेगवान गाडीपेक्षा पुन्हा सुरू होणारी गाडी हवी होती. जुन्या गाड्यांच्या भरवशाबद्दल आज जे बोलले जाते, त्याचे मूळ बरेचसे या गरजेत आहे.

साइडकारचे सर्वात मोठे घराणे कोणते?

या प्रश्नाचे उत्तर रशियातील इर्बिट या उरल पर्वताजवळच्या छोट्या शहरात मिळते. जर्मनीच्या ‘बीएमडब्ल्यू आर ७१’ च्या धर्तीवर सोव्हिएत संघाने १९४१ मध्ये मॉस्कोत ‘एम ७२’ बनवायला घेतली. जर्मन फौजा मॉस्कोच्या दिशेने येऊ लागल्या, तेव्हा यंत्रे रेल्वेने इर्बिटला हलवण्यात आली आणि बिअरच्या कारखान्याच्या इमारतीत उत्पादन सुरू झाले. पुढे हीच परंपरा ‘उरल’ या नावाने चालत राहिली. इर्बिटमधून आजवर ३० लाखांहून अधिक मोटारसायकली बाहेर पडल्याचे सांगितले जाते. चीनची ‘चांग जियांग ७५०’ हीसुद्धा एम ७२ चीच वंशज.

एम ७२ चे सिलिंडर दोन बाजूंना आडवे पसरलेले असतात. या रचनेला ‘बॉक्सर’ म्हणतात. दोन्ही सिलिंडर वाऱ्यात राहतात, त्यामुळे सारखे थंड होतात. मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट आहे. चिखल-धुळीत चेन घासते आणि ताणते. बंद खोक्यातला शाफ्ट त्यातून वाचतो. तिन्ही चाके आणि स्टेपनी एकमेकांच्या जागी बसतात. कॉम्प्रेशन इतके कमी, की हलक्या दर्जाच्या पेट्रोलवरही इंजिन चालते.

यातला प्रत्येक निर्णय खराब रस्ता, खराब इंधन आणि अर्धवट शिकलेला मेकॅनिक गृहीत धरून घेतला आहे. वेग त्या यादीत खूप खाली होता.

२२ अश्वशक्तीत किती काम होते?

एम ७२ च्या ७४६ सीसी इंजिनाची ताकद २२ अश्वशक्ती. साइडकारसह गाडीचे वजन साधारण ३५० किलो. प्रत्येकी ७० किलोची तीन माणसे बसली की एकूण ५६० किलो होतात. म्हणजे टनामागे सुमारे ३९ अश्वशक्ती.

आपल्या रस्त्यावरची १०० सीसीची बाइक घेऊ. ताकद साधारण ८ अश्वशक्ती, वजन ११० किलो, वर दोन माणसे. टनामागे ३२ अश्वशक्ती. थोडक्यात, ७४६ सीसीचा आकडा ऐकून छाती फुगवण्याचे कारण नाही. तिघांना घेऊन निघालेली ही भारदस्त गाडी चढावर डबलसीट १०० सीसी बाइकपेक्षा फार पुढे नसते.

त्यात वारा आडवा येतो. दुचाकी वारा कापत जाते, साइडकार मात्र रुंद छाती काढून वाऱ्याला भिडते. हवेचा अडथळा भेदण्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ६० वरून ९० वर नेला, म्हणजे दीडपट केला, तर त्यासाठी सुमारे ३.४ पट ताकद लागते. ६० च्या वेगाला निवांत चालणारे इंजिन ९० ला जीव तोडून धावत असते. चालवणाऱ्याला फरक फक्त काट्यात दिसतो, इंजिनाला तो तासन्‌तास सोसावा लागतो.

जास्त पळवल्यावर नेमके काय बिघडते?

पहिला शत्रू उष्णता. साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कडेला असतात. जळालेला तापलेला वायू सिलिंडरच्या ओतकामाला लागूनच बाहेर जातो. त्यामुळे सिलिंडर एका बाजूने जास्त तापतो आणि किंचित वेडावाकडा फुगतो. घाटात हे आणखी वाढते. इंजिनावर पूर्ण भार, वेग मात्र २०-२५ चा आणि थंड करणारा वारा जवळपास नाही. अशा वेळी पिस्टन जाम होणे हा नशिबाचा भाग नसतो.

दुसरा शत्रू मळ. एम ७२ मध्ये आजच्यासारखा बदलता येणारा ऑइल फिल्टर नाही. क्रँकशाफ्टवरच्या गोल चकत्या ऑइल गरगर फिरवतात आणि जड कचरा त्यांच्या कडेला साचतो. कल्पना हुशारीची आहे, पण चकत्या कचऱ्याने भरल्या की बिग एंड बेअरिंगला ऑइल पोहोचत नाही. साफ करायच्या तर इंजिन पूर्ण उघडावे लागते. बाहेरून चकचकीत रंगवलेली गाडी घेताना नेमकी हीच गोष्ट दिसत नाही. शेकडो किलोमीटर उत्तम चाललेले इंजिन एका दुपारी आतून ठोके देऊ लागते, ते यामुळे.

तिसरी बाब किरकोळ पण सतत त्रास देणारी. सीबी पॉइंटची फट, दोन कार्ब्युरेटरचा मेळ, टॅपेट, सहा व्होल्टची क्षीण विजेची व्यवस्था. यातले काहीच अवघड नाही, पण काहीच आपोआप होत नाही. आजच्या गाडीत ही कामे इलेक्ट्रॉनिक्स करते. जुन्या गाडीत ती मालकाने करायची असतात.

वळताना आणि ब्रेक लावताना काय होते?

साइडकारची सर्वात गंभीर बाजू हीच आहे आणि तिच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते. साइडकार ही दुचाकी नाही. ती वळणावर कलत नाही, हँडल जोर लावून वळवावे लागते.

भारतात साइडकार डाव्या बाजूला असते. ॲक्सिलरेटर पिळला, की साइडकारचे वजन मागे राहू पाहते आणि गाडी डावीकडे ओढते. ब्रेक लावला, की साइडकार पुढे जाऊ पाहते आणि गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे वळते. त्या काळच्या अनेक साइडकारच्या चाकाला ब्रेकच नसे. त्यामुळे हा ओढा सगळा हँडलवर येतो.

रिकामी साइडकार घेऊन जोरात डावीकडे वळल्यास तिचे चाक हवेत उचलले जाते. दुचाकीची सवय असलेला माणूस अशा वेळी घाबरून हँडल सरळ करतो आणि गाडी रस्त्याच्या मधोमध जाते. साइडकारचे जुने चालक एकटे जाताना तिच्यात वाळूचे पोते किंवा जड सामान का ठेवत, याचे उत्तर यात आहे.

जोडणीचे गणितही महत्त्वाचे. साइडकारचे चाक किंचित आत वळलेले आणि मोटारसायकल किंचित बाहेर झुकलेली असावी लागते. हे माप काही मिलिमीटरने चुकले तरी गाडी सतत एका बाजूला ओढते, हात भरून येतात आणि मागचा टायर काही हजार किलोमीटरमध्ये मधून सपाट होतो. ‘शोले’त साइडकार सुटते, स्वतंत्र फिरते आणि पुन्हा येऊन मिळते. खऱ्या गाडीत ती सहसा चार ठिकाणी घट्ट आवळलेली असते आणि त्या चार सांध्यांवर आत बसलेल्या माणसाचा जीव अवलंबून असतो.

आराखडा जुना, मग नवी उरल कशी चालते?

‘जुना आराखडा म्हणजे बेभरवशाचा’ या मताला उरलनेच उत्तर दिले आहे. सोव्हिएत काळाच्या अखेरीस आणि त्यानंतरच्या वर्षांत उरलच्या दर्जाबद्दल तक्रारी होत्या. गिअर लवकर झिजत, अल्टरनेटर दगा देत, ओतकाम कधी चांगले तर कधी वाईट येई. २००० नंतर नव्या मालकांनी बॉक्सर इंजिन, शाफ्ट, हवेवर थंड होण्याची पद्धत, सगळे तसेच ठेवले आणि कमकुवत भाग बाहेरून आणले. जपानी डेन्सोचा अल्टरनेटर, जपानी केहिनचे कार्ब्युरेटर, जर्मन कंपनीचे गिअर, इटलीच्या ब्रेम्बोचे ब्रेक. २०१४ मध्ये फ्युएल इंजेक्शन आणि तिन्ही चाकांना डिस्क ब्रेक आले.

युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये गाडीची जुळणी कझाकस्तानातील पेट्रोपाव्हल येथे हलवावी लागली, तरी आराखड्याची नाळ तुटली नाही. आजच्या ७४९ सीसी उरलची ताकद सुमारे ४१ अश्वशक्ती आहे आणि ताशी ११० किलोमीटरच्या आसपास तिची मर्यादा संपते. तिच्या काही मॉडेलमध्ये साइडकारचे चाकही इंजिनाला जोडता येते. पण त्यात डिफरन्शियल नाही, म्हणून ही सोय चिखल, वाळू, बर्फ यासाठीच. कोरड्या डांबरावर ती वापरली तर गाडी नीट वळतच नाही.

यातून एक निष्कर्ष निघतो. दोष आराखड्याच्या वयात कमी आणि धातूच्या दर्जात, उष्णता-प्रक्रियेत आणि कारखान्यातील तपासणीत जास्त होता. जुनी गाडी घेणाऱ्याने ‘कोणत्या सालची?’ याआधी ‘आत कोणते भाग बसवले आहेत?’ हे विचारायला हवे.

आपल्याकडचा अनुभव काय सांगतो?

महाराष्ट्रातील मध्यमवर्गाने साइडकार अनुभवली ती मोटारसायकलपेक्षा स्कूटरला जोडलेली. बजाजच्या स्कूटरच्या डाव्या बाजूला साइडकार, तिच्यात बायको आणि धाकटे मूल, पुढे उभे राहिलेले थोरले. गाडी परवडत नव्हती आणि चौघांना रिक्षाही दरवेळी परवडत नव्हती, त्या काळातला हा मार्ग होता.

१५० सीसी वर्गातील त्या टू-स्ट्रोक इंजिनाला एक फायदा होता. त्याला पंख्याने हवा मिळे. त्यामुळे गर्दीत गाडी हळू चालली तरी इंजिन फिरत असेपर्यंत वारा सुरू राही. मात्र वाढलेल्या वजनाची किंमत क्लच प्लेट, ब्रेक शू आणि १० इंची चाकांचे टायर चुकवत असत. त्या स्कूटर वर्षानुवर्षे चालल्या, कारण त्या बाजारात, शाळेत, देवदर्शनाला ताशी ३०-४० ने जात आणि कोपऱ्यावरच्या प्रत्येक गॅरेजात त्यांचा क्लच बदलून मिळे. व्याख्येतली तिन्ही ‘ठरलेली’ कलमे तिथे पाळली जात होती.

‘रस्त्यातच दुरुस्त होते’ हे कितपत खरे?

जुन्या गाडीच्या बाजूने हा सर्वात लाडका युक्तिवाद. तो खोटा नाही. गाडी किती वेळा बिघडते याइतकेच ती किती वेळात पुन्हा सुरू होते हेही महत्त्वाचे. पॉइंट घासून, प्लग बदलून, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून जुनी गाडी वीस मिनिटांत चालू होते. आजच्या गाडीचा सेन्सर गेला तर लॅपटॉप असलेल्या सर्व्हिस सेंटरची वाट पाहावी लागते.

पण या युक्तिवादात एक गृहीत लपलेले आहे. वीस मिनिटांत दुरुस्ती होते, ती हात असलेल्या माणसाकडून. मॅग्नेटो आणि पॉइंट समजणारे मेकॅनिक वयस्कर होत चालले आहेत. त्यांची मुले मोबाइल ॲपवर कोड वाचणाऱ्या गाड्या दुरुस्त करतात आणि त्यात त्यांची चूक नाही. गाडीची सोपी रचना ही मालकाच्या किंवा मेकॅनिकच्या कौशल्यावर काढलेली हुंडी आहे. ते कौशल्य नसेल, तर सोपी गाडीही महिनोन्‌महिने गॅरेजच्या दारात उभी राहते. हात काळे करायची तयारी नसलेल्या माणसासाठी जुनी साइडकार भरवशाची नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

कायद्याचे काय?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम २ (२७) नुसार काढता येण्याजोगी, जास्तीचे एक चाक असलेली साइडकार ‘मोटार सायकल’च्या व्याख्येतच येते. म्हणजे साइडकार मुळात बेकायदा नाही. मात्र कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल परस्पर करता येत नाही. त्यामुळे बुलेटला साइडकार बसवण्याआधी आरटीओत जाणे हेच शहाणपणाचे. अपघात झाला, की विमा कंपनी पहिल्यांदा कागद पाहते.

५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम आणले. या गाड्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये आहे. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज कार्यालयात जाण्यासाठी नाही.

मग साइडकार घ्यावी का?

घ्यावी, पण ती काय आहे हे मान्य करून. ५०-६० च्या वेगाने, कमी रहदारीच्या रस्त्यावर, नियमित ऑइल बदलून चालवली तर एम ७२ च्या घराण्यातली किंवा बीएसएसारखी गाडी आजही उत्तम साथ देते. मुंबई-पुणे अंतर वेळेत गाठण्यासाठी ती नाही. ती अधिक वेगवान करण्यासाठी कॉम्प्रेशन वाढवणे, गिअर बदलणे हे उद्योग तर टाळायलाच हवेत. इंजिन जोरात पळू लागले तरी ब्रेक, चेसिस आणि थंड करण्याची व्यवस्था जुनीच राहते.

विकत घेणाऱ्याने रंग आणि क्रोमऐवजी तीन गोष्टींवर पैसे खर्च करावेत. इंजिन उघडून क्रँक आणि ऑइलचे मार्ग साफ करून घेणे, साइडकारच्या चाकाला ब्रेक बसवणे आणि जोडणीचे माप जाणकाराकडून तपासणे. त्यानंतर मोकळ्या मैदानात आधी वाळूचे पोते ठेवून आणि मग साइडकार रिकामी ठेवून, कमी वेगात डावी-उजवी वळणे आणि ब्रेक यांचा सराव करावा. घरच्यांना बसवायचे ते त्यानंतर.

परिवहन विभागानेही साइडकार मंजूर करताना कागदांबरोबर तिच्या सांध्यांची आणि ब्रेकची चाचणी स्वतंत्रपणे घ्यायला हवी. इंजिन बंद पडले तर गाडी ढकलत घरी आणता येते. पण ब्रेक लावताच उजवीकडे ओढणाऱ्या गाडीच्या साइडकारमध्ये बहुतेक वेळा लहान मूल बसलेले असते.